तिसऱ्या डब्यातले मणी

आमची ही गेली, त्याच वर्षी संस्थेच्या ‘नवा आवाज’ बक्षिसासाठी तिचं गाणं निवडलं गेलं. पन्नाशी उलटलेली बाई, आणि नवा आवाज! ती असती तर पोट धरून हसली असती. म्हणाली असती, "अहो, मग इतकी वर्षं घरात तुमच्यावर ओरडत होता तो कुणाचा?"

संस्था म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची संस्था. तिच्या हॉलचं मशीन मी सांभाळतो. स्पीकर, माइक, वायरी सगळं माझ्याकडे, आणि हॉलची किल्लीही. प्रत्येक सभा टेप करून ठेवायची संस्थेची पद्धत आहे, ते कामही माझंच. लोक मला मशीनकाका म्हणतात.

ही कोरसमध्ये गायची. एका माइकभोवती सहा-सात बायका उभ्या राहतात आणि मुख्य गायकाच्या मागे गातात, ते कोरस. त्यात एकच नियम असतो. कुणाचाही आवाज वेगळा ऐकू यायला नको. आला की काचेच्या पलीकडून रेकॉर्डिंग करणारा ओरडतो, "कोण आहे ती?" मग त्या बाईने एक पाऊल मागे सरकायचं. श्वाससुद्धा चोरून घ्यायचा, शेजारणीचा शब्द चालू असताना. हिला या गोष्टीचा मोठा अभिमान होता. "आयुष्यभर गायले, पण एकदाही सापडले नाही," असं सांगायची, जणू चोऱ्याच करून आली आहे.

मग तिचं एकटीचं गाणं कुठून आलं, तर त्याची गंमत आहे. मुख्य गायकाला वेळ नसला की संगीतकार दुसऱ्या कुणाकडून गाणं तात्पुरतं गाऊन घेतात. त्याला कच्चा आवाज म्हणतात. नंतर खरा गायक येतो, त्यावर गातो, आणि कच्चा आवाज पुसून टाकतात. एका तरुण संगीतकाराने हिला असंच थांबवून घेतलं. हिला घरी यायची घाई. पुसलाच जाणार आहे म्हटल्यावर ही बिनघोर गायली. श्वास चोरला नाही, मागे सरकली नाही. शेवटी खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो आणि ही म्हणते, "झालं? पुसा आता."

ती मुख्य गायिका काही आलीच नाही. पुढे ही आजारी पडली. त्या संगीतकाराने गाणं तसंच ठेवलं, शेवटच्या बोलण्यासकट. आणि ही गेल्यावर संस्थेकडे पाठवून दिलं.

मी ते गाणं लावायचो. पण ‘झालं’ यायच्या आधी आवाज बंद करायचो. तेवढं मला ऐकवत नव्हतं.

आता मत कसं देतात ते सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. पाच गाणी निवडतात. रविवारी सकाळी हॉलमध्ये सगळे सभासद जमतात. फोन दाराशी टोपलीत ठेवायचे. गाणी एकामागून एक लागतात, नाव न सांगता. मी फक्त म्हणतो, "गाणं नंबर एक." आवाज नवे असतात, त्यामुळे कोण गातंय ते कळत नाही. मग स्टेजवर पडद्याआड पाच पत्र्याचे डबे असतात. प्रत्येकाला एक लाकडी मणी मिळतो. आवडलेल्या गाण्याच्या डब्यात तो टाकायचा. नावं शेवटी. हॉलच्या भिंतीवर पाटीच आहे, जुन्या लोकांनी रंगवलेली: ‘गाणी चिठ्ठ्या टाकून लावावीत. बोलणाऱ्याने बाहेर जावे. नावे शेवटी सांगावीत.’

पाटी चांगली आहे. पण भिंतीवरची पाटी रोज दिसली की दिसेनाशी होते. चिठ्ठ्या टाकणं कधीतरी बंद पडलं. चिटणीस घरूनच क्रम ठरवून आणायला लागले, आणि ते देतील त्या क्रमाने मी गाणी लावायला लागलो. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

पाच गाण्यांत एक स्टुडिओच्या मालकाच्या सुनेचं होतं. या माणसाला सगळे साहेब म्हणतात. निम्म्या सभासदांची चूल त्याच्या स्टुडिओवर पेटते. शिवाय त्या वर्षी त्याने पुष्कळ नवे सभासद करून घेतले. वर्गणी त्यानेच भरली. त्यात त्याच्या ऑफिसातले लोक होते, ड्रायव्हर होते, गोदामातले होते. संस्थेच्या नियमात ‘संगीताशी संबंधित’ असं लिहिलंय. ड्रायव्हर गाडीत गाणी लावतो, म्हणजे संबंध आलाच.

बक्षिसाच्या आठवड्यात हिची मैत्रीण घरी आली. कोरसमध्ये सगळ्यात खालचा सूर ती लावते, म्हणून तिला सगळे खर्ज म्हणतात. बोलतेही तशीच, पिंपातून आल्यासारखी.

"भावजी, निरोप आलाय," चप्पल काढता काढताच ती म्हणाली. "तीन नंबर."

"कसलं तीन नंबर?"

"तिसऱ्या डब्यात मणी टाकायचा. सगळ्यांना निरोप आहे. पाकिटासकट."

"गाणं कुठलं ते सांगितलं?"

"गाण्याचं कोण बोलतंय! मी विचारलं, तर तो निरोप्या म्हणतो, बाई, डोकं चालवू नका, हात चालवा."

"आणि पाकीट घेतलंस तू?"

"घेतलं. नाही म्हटलं असतं तर उद्यापासून स्टुडिओच्या पायरीवर तरी उभं केलं असतं का? तुम्हाला पेन्शन आहे, मला पोटच आहे." मग हिच्या फोटोकडे बघून म्हणाली, "पाकीट त्याचं, घेतलं. मणी माझा आहे. तो कुठे टाकायचा ते मी ऐकून ठरवणार."

ती गेल्यावर मी विचार करत बसलो. साहेबाने लोकांना गाणं न सांगता आकडा का सांगितला? तर त्यांच्या कानावर त्याचा भरवसा नव्हता. गाणं सांगितलं तर ते ओळखावं लागणार, म्हणजे ऐकावं लागणार. तीन तर कुणालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी चिटणीस क्रम घेऊन आले. सून तिसरी. आमची ही पाचवी. मी म्हटलं, "चिटणीस, यंदा चिठ्ठ्या टाकू."

"काहीतरीच काय!"

"पाटीवर आहे."

"पाटीवर थुंकू नये असंही आहे. लोक थुंकायचे थांबलेत का?" ते हसले, मग जवळ सरकून म्हणाले, "काका, तुमचं दुःख मी समजतो. पण कशाला नसती आफत ओढवून घेता? सगळं व्यवस्थित ठरलंय."

"तेच म्हणतोय मी."

त्या संध्याकाळी साहेब स्वतः घरी आला. ही गेली तेव्हा आला नव्हता. आजारात आला नव्हता. आता आला, मोठा पुष्पगुच्छ घेऊन. फोटोसमोर उभा राहिला, हात जोडले. मुलीने चहा केला. माझी मुलगी लग्न झालेली, त्या दिवसांत माझ्याकडे राहायला आली होती.

"बाईंनी आमच्या स्टुडिओत आयुष्य घालवलं," साहेब म्हणाला. "आम्ही विसरलेलो नाही. त्यांना जीवनगौरव देऊ. स्टुडिओत मोठा फोटो लावू. एका खोलीला त्यांचं नाव देऊ."

मुलीचे डोळे भरून आले. मी विचारलं, "आणि मी काय करायचं?"

"काही नाही. नेहमी करता तेच. चिटणीस देतील त्या क्रमाने गाणी लावायची."

"तुम्ही हिचं गाणं ऐकलंत?"

"ऐकलं ना. सुंदर."

"कुठली ओळ आवडली?"

त्याने चहाचा घोट घेतला. गरम होता बहुतेक, बराच वेळ लागला त्याला.

"काका, माझी सून तरुण आहे," शेवटी तो म्हणाला. "तिचं सगळं आयुष्य पुढे आहे. बाईंना आता या बक्षिसाचा काय उपयोग?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "तिला आता काही नको आहे. म्हणून तर तिच्या नावाने काय घ्यायचं आणि काय नाही, ते मलाच बघावं लागतं. इतकी वर्षं तुमच्या माइकसमोर कोरसमध्ये उभी राहिली, तेव्हा तिला एक खुर्ची मिळाली नाही. आता फोटोला खोली देताय. राहू दे."

तो उठला. दारात म्हणाला, "विचार करा. हॉलला मशीनवाले पुष्कळ मिळतात."

तो गेल्यावर मुलगी माझ्यावर भडकली. "बाबा, आईला आयुष्यात एकदा काहीतरी मिळत होतं!"

"तिचं गाणं एकदा नीट ऐकलं जावं. मला तेवढंच हवंय. मग हरलं तरी चालेल."

"आणि तुमचं काम गेलं तर?"

"गेलं तर गेलं. कढी पातळ होईल, दुसरं काय."

"तुम्हाला कुठे करता येते कढी," ती म्हणाली आणि आत गेली.

रविवारी हॉल गच्च भरला. जुने सभासद पुढे आणि कडेला, आपापल्या ठरलेल्या खुर्च्यांवर. मागच्या सगळ्या रांगा नव्या लोकांनी भरलेल्या. पहिल्या रांगेत साहेब, त्याच्या शेजारी सून. काडीसारखी बारीक, ओठ घट्ट मिटलेले. मुलगी दाराजवळ उभी होती. फोन टोपलीत जमा झाले. दारं लागली. चिटणिसांनी भाषण उरकलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी टेप चालू केला आणि माइक हातात घेतला.

"भिंतीवरची पाटी वाचतो," मी म्हटलं. "गाणी चिठ्ठ्या टाकून लावावीत. यंदा आपण तसंच करू."

चिटणीस उठलेच. "काका, आता वेळ नाही..."

"पाच चिठ्ठ्यांना किती वेळ लागतो?" खर्ज मधल्या रांगेतून गरजली. तिला माइक लागत नाही. मग जुन्यांपैकी एक-दोघे बोलले, "टाका की! घाबरता कशाला?" एक म्हातारे क्लॅरिनेटवाले तर म्हणाले, "ही पाटी माझ्या चुलत्याने रंगवलीय. निदान रंगाचा मान ठेवा."

सगळ्यांनी साहेबाकडे पाहिलं. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. कारण होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. तो हसून म्हणाला, "हो, हो. टाका ना." चिठ्ठ्या मण्यांच्या रिकाम्या वाडग्यात टाकल्या. चिटणिसांनी एकेक उचलून न उघडता माझ्याकडे दिली. उघडायची ती मी एकट्याने, मशीनपाशी.

आता साहेबाची पंचाईत झाली. तीनचा निरोप सगळीकडे गेलेला, आणि तीनवर काय येणार ते कुणालाच ठाऊक नाही. फोन दाराशी. बोलेल तो बाहेर.

पहिलं गाणं लागलं. दुसरं लागलं. दुसरं एका घोगऱ्या आवाजाच्या माणसाचं होतं, मी त्याला ओळखत नव्हतो. मागच्या रांगा आपल्या मजेत. एक जण नखं कुरतडत होता. एक डोळे मिटून होता, पण ऐकत नव्हता. ऐकणाऱ्याची मान अशी पडत नाही.

मी तिसरी चिठ्ठी उघडली. आमच्या हिचं गाणं.

चिठ्ठी बदलता आली असती, कोण बघत होतं? पण मग पाटी वाचायची कशाला?

"गाणं नंबर तीन," मी म्हटलं.

मागच्या रांगा एकदम सावध झाल्या. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. डोळे मिटलेला जागा झाला. तीन, तीन. खात्री पटली, आणि गाण्याचा पहिला शब्द येईपर्यंत सगळे पुन्हा सैल पडले. ही गात होती आणि ते छताच्या पंख्याकडे बघत होते. मी नेहमीप्रमाणे शेवटी आवाज बंद केला.

चौथं गाणं सुनेचं. ते सुरू होताच साहेबाला मोठा खोकला आला. मागे वळून खोकला. पुन्हा खोकला. मागच्या लोकांना वाटलं, साहेबांना सर्दी झाली. मी गाणं थांबवलं आणि माइकवर म्हटलं, "खोकला असेल त्यांनी बाहेर जावं. पाणी दाराशी आहे. गाणं पहिल्यापासून लावतो." हॉलमध्ये खसखस पिकली. साहेबाचा खोकला बरा झाला.

मग मतं सुरू झाली. रांगेने लोक पडद्याआड जायचे. रिकाम्या पत्र्यात मणी पडला की टण्णकन वाजतो. डबा भरत आला की मण्यावर मणी पडतो, मग नुसतं टक होतं. मशीनपाशी उभा राहून मी ऐकत होतो. टक. टक. टक. सगळं एकाच जागी. मला कळायचं ते कळलं. माझा मणी मी खिशातच ठेवला. हिच्या गाण्याबद्दल माझा कान सरळ नाही, हे मला ठाऊक आहे.

चिटणिसांनी डबे उघडले. मोजायचीही गरज नव्हती. तिसरा डबा शिगोशीग, बाकीच्यांचे तळ दिसत होते. त्यांनी माझ्याकडून चिठ्ठी मागितली, वाचली, पुन्हा वाचली. मग त्यांनी हिचं नाव घेतलं.

खर्ज किंचाळली. माझी मुलगी दाराशी खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. जुने लोक उठून टाळ्या वाजवू लागले. आणि साहेब? साहेबही उठला. टाळ्या वाजवायला लागला. दुसरं काय करणार? ‘मी याचे पैसे दिले नव्हते’ असं थोडंच म्हणता येतं! त्याचं बघून मागच्या रांगाही टाळ्या वाजवू लागल्या. काम फत्ते झालं अशा आनंदाने. त्यांना अजून वाटत होतं की साहेबांचंच गाणं आलं.

चिटणीस पितळेची घंटा घेऊन माझ्याकडे आले. संस्थेचं बक्षीस म्हणजे हातात मावेल एवढी घंटा, खाली नाव कोरायला जागा. मुलगी धावत आली. "बाबा, घ्या ना."

मी हात मागे घेतले.

"हे मणी तिचे नाहीत," मी माइकवर म्हटलं. "हे तीन नंबरचे आहेत."

टाळ्या विरल्या. साहेब पुढे आला, हळूच म्हणाला, "काका, मिळालंय ते घ्या आणि घरी जा. शहाणे असाल तर."

"साहेब, शहाणा असतो तर तुमच्या स्टुडिओत मॅनेजर झालो असतो." मग मी हॉलकडे वळलो. "ज्यांनी तिसऱ्या डब्यात मणी टाकला, त्यांना एकच विनंती आहे. गाणं आत्ताच ऐकलंय. त्यातली एक ओळ गुणगुणून दाखवा. शब्द नकोत. नुसती चाल."

नखं कुरतडणारा शेजाऱ्याकडे बघायला लागला. कुणीतरी मागून म्हणालं, "हे काय शाळेतलं चाललंय?"

मग क्लॅरिनेटवाल्या आजोबांनी चाल धरली. दात नव्हते, त्यामुळे हवा जास्त आणि सूर कमी. पण चाल बरोबर. दुसरी एक कोरसवाली त्यात शिरली, मग खर्ज खालून. कडेच्या खुर्च्यांवरून आणखी तीन-चार आवाज. बस्स. मागच्या रांगा गप्प, धडा पाठ न झालेल्या पोरांसारख्या.

"एवढे मणी तिचे," मी म्हटलं. "बाकीचे ज्याचे त्याने घेऊन जावेत."

आणि मी तिसरा डबा उचलून स्टेजवर पालथा केला.

मणी उधळले. टपटपत पायऱ्यांवरून खाली गेले, खुर्च्यांखाली घुसले, साहेबाच्या चकचकीत बुटांभोवती फिरले. चिटणीस "अहो, अहो" करत त्यांच्यामागे धावले. संस्थेची मालमत्ता ना ती. एक मणी लांबपर्यंत घरंगळत गेला, आणि सगळा हॉल तो थांबेपर्यंत ऐकत होता.

"आता पुन्हा ऐका आणि पुन्हा टाका," मी म्हटलं.

"नियमात बसत नाही!" चिटणीस गुडघ्यांवरूनच ओरडले.

"पैसे देऊन आकडा विकत घ्यायचा, हे नियमात बसतं?"

झालं. जे सगळ्यांना ठाऊक होतं, ते हॉलमध्ये मोठ्याने बोललं गेलं. साहेबाचा चेहरा लाल झाला. "पुरावा आहे तुमच्याकडे? कोण म्हणतं पैसे दिले?"

"मी म्हणते," खर्ज उभी राहिली. पिशवीतून पाकीट काढलं आणि डोक्यावर धरलं. "फोडलेलंसुद्धा नाही. आणि उद्यापासून मला काम देऊ नका, मी स्वयंपाकाची कामं करीन. तिथे निदान मीठ कमी पडलं तर कुणी पाकीट देऊन गप्प बसवत नाही."

साहेब काही बोलणार, इतक्यात त्याची सून उठली. स्टेजवर आली. मला वाटलं, आता ही मला शिव्या देणार. तिने माझ्या हातातला माइक घेतला.

"पप्पा, माझं गाणंही पुन्हा लागू दे," ती म्हणाली. "मी जिंकले असते, तर मला कधी कळलंच नसतं, मी कशी गाते ते."

"खाली ये," साहेब म्हणाला.

"नाही येत."

साहेब दाराकडे चालू लागला. मागच्या रांगांतले बरेच उठले, टोपलीतून आपापले फोन शोधत त्याच्यामागे गेले. सगळे मात्र गेले नाहीत. नखं कुरतडणारा राहिला. पाय आखडून बसून राहिला, तोंड पाडून, पण राहिला.

मी म्हटलं, "हिचं नाव तुम्हाला कळलंय, त्याला आता इलाज नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून मणी टाकू नका. ती गेली म्हणून तर अजिबात टाकू नका. ती मरण्यासाठी गायली नव्हती."

बाकीचे डबेही रिकामे केले, राहिलेल्यांना पुन्हा एकेक मणी दिला आणि पाची गाणी मी पुन्हा लावली. या वेळी हॉल ऐकत होता. हॉल ऐकतो तेव्हा त्याचा एक वेगळा आवाज येतो. कपड्यांची सळसळ थांबते, खुर्च्या करकरत नाहीत. सुनेचं गाणं लागलं तेव्हा ती भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती. बरी गाते पोरगी. घाबरत गाते, पण बरी गाते.

हिचं गाणं लागलं. शेवटच्या ओळीआधी ही मोठा श्वास घेते, तो सगळ्यांना ऐकू आला. कोरसवाल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. इतका उघडा श्वास त्यांना कधी घेता आला नव्हता. ओळ संपली. माझा हात बटणाकडे गेला आणि मी तो मागे घेतला. खुर्ची सरकली. "झालं?" ही म्हणाली. "पुसा आता."

हॉल हसला. नखं कुरतडणारासुद्धा हसला. मी मशीनकडे तोंड करून उभा राहिलो.

जिंकला तो घोगरा माणूस. दुसऱ्या गाण्याचा. तो स्टेजवर आला तेव्हा घंटा कशी धरायची हेही त्याला कळेना. हिला मतं पडली, सुनेलाही पडली, दोघींची जवळपास सारखी. हिचे मणी मी डब्यातून काढून ओंजळीत घेतले. ओंजळ भरली नाही. पण त्यातल्या प्रत्येकाने गाणं ऐकलं होतं.

"हरलो की हो भावजी," खर्ज म्हणाली.

"हरलो. पण लोकांनी ऐकून हिलाच हरवलं. तीन नंबरला नाही."

घरी जाताना मुलगी दोन पावलं पुढे चालत होती, कोपऱ्यावर थांबली. मग म्हणाली, "आई असती तर तिने ती घंटा घेतली असती, बाबा."

"घेतली असती."

"आणि घरी येऊन रडली असती."

"आणि मला म्हणाली असती, तुम्ही काही बोलला का नाहीत."

"हो," ती म्हणाली, आणि माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

चिटणीस दुसऱ्याच दिवशी हॉलवर आले. मी वायरी गुंडाळत होतो. त्यांना माझ्याकडून किल्ली हवी होती. शिवाय आणखी एक काम होतं.

"कालच्या सभेचा टेप," ते म्हणाले. "साहेबांचा खोकला, त्या बाईचं पाकीट, सगळं आलंय त्यात. साहेबांची इच्छा आहे की ते राहू नये. तुम्ही शांतपणे पुसून टाका, मी तुमच्या कामाचं बघतो. झालं ते झालं, काका. पुसा आता."

काल हॉलमध्ये ऐकूनही त्यांच्या लक्षात आलं नाही, हे शब्द कुणाचे आहेत.

"नाही पुसत," मी म्हटलं. "आणि किल्ली हवी असेल तर सभा बोलवा, सगळ्यांसमोर ठराव करा. तोही टेप करीन."

त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गेले. मी उरलेली वायर गुंडाळली. मग झाडू घेऊन खुर्च्यांखाली शिरलो. काही मणी अजून सापडायचे होते.